फियाटला व्हीए पाटी का नको

आमच्या फियाटनं पन्नाशी ओलांडली तसा भेटेल तो एकच सल्ला द्यायला लागलाय. “वहिनी, आता व्हीए नंबर घेऊन टाका. गाडीला मान मिळतो.” सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या दारात बहुतेक वेळा हप्त्यावरची नवी एसयूव्ही असते, पण ते जाऊ दे. एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला चहा पाजून समजावत बसायला नको.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. इथपर्यंत लोक मन लावून वाचतात. त्यापुढचं कुणी वाचत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची तर तेवढ्यापुरती, बस्स. मग मे महिन्यात आंबोली उतरून सावंतवाडीत कुणी अडवलं तर काय सांगू? कोल्हापुरातले सगळे पंप बंद होते म्हणून पेट्रोल भरायला इकडं आले?

1973ची फियाट आहे ही, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. सासऱ्यांनी घेतली ती गाणगापूर-पंढरपूर करायला, आणि ती अजून तेच करते. तिला मान द्यायचा म्हणजे काचेमागं ठेवायची असं ज्यांना वाटतं त्यांचा तो मार्ग. माझा नाही. माझ्या मते फिरायची गाडी जुनी असावी, पण दुर्मीळ नसावी. आणि तिची किंमत ती किती अस्सल आहे यावर करू नये, वाटेतल्या कुठल्याही गावात तिला हात लावणारा माणूस मिळतो का यावर करावी. घरात तीन म्हाताऱ्या गाड्या आहेत त्या याच हिशेबानं. फियाट, महिंद्राची एक एमएम 540 जीप आणि आमच्या छापखान्याचा टाटा 407 टेम्पो.

जीप आली ती एका साखर कारखान्याच्या लिलावातून. शेती खात्याची होती. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय आणि शेती अधिकारी बसवून वीसेक वर्षं उसाच्या फडातून हिंडलेली, म्हणजे चिखल, खड्डे आणि बेफिकीर ड्रायव्हर या तिन्हींची परीक्षा पास झालेली. पत्रा कुजला होता, पण चासी सरळ होती. आमचे मिस्त्री गाडीखाली पाठीवर झोपून हातोडीनं टकटक करत पार मागपर्यंत गेले आणि तिथनंच ओरडले, “वैनी, घ्या. वरचं समदं पत्र्याचं काम हाय, खालचं लोखंड खणखणीत वाजतंय.” जुनी गाडी घेताना याच्याइतकी भरवशाची तपासणी मला अजून कुणी दाखवलेली नाही. रंग, सीट, हूड हे सगळं पैशानं येतं. चासी वाकलेली किंवा आतून खाल्लेली असेल तर कितीही ओता, गाडी कायम तिरकी पळणार.

या जीपमधलं इंजिन मूळचं फ्रेंच. प्यूजोच्या परवान्यावर महिंद्रा ते आपल्या इगतपुरीला बनवायची. एक्सडीपी, 2112 सीसी. ताकद बासष्ट घोड्यांची, त्यातले दोन-चार एव्हाना पेन्शनीत गेले असावेत. पासष्टच्या वर ती पळत नाही, आणि पळवली तर बोलायचं असेल तर ओरडावं लागतं. पण त्या इंजिनात एकही सेन्सर नाही. डिझेल आलं, हवा आली, इंजिन तापवणारे हीटर लाल झाले की ती चालू होणारच. चालू झाली नाही तर या तिघांतलं काय आलं नाही एवढंच शोधायचं असतं.

मूळ रूप म्हणजे सर्वस्व मानणाऱ्यांनी एकदा दार्जिलिंगच्या बाजूला मानेभंज्यांगला जाऊन यावं. तिथून संदकफूला, 3636 मीटरवर, जुन्या सीरिज लँड रोव्हर आजही माणसं आणि सामान चढवतात. 1950च्या दशकातल्या गाड्या. आम्ही गेलो तेव्हा मी बॉनेट उघडून दाखवायचा हट्ट धरला, आणि आत ओळखीचंच निघालं, महिंद्राचं डिझेल इंजिन! तिथल्या कित्येक गाड्यांत ते बसवलंय. का? ड्रायव्हरनं सरळ सांगितलं, इंग्लंडचा सुटा भाग येईपर्यंत सीझन निघून जातो. बाहेरनं इंग्लिश, आतनं इगतपुरी. एखाद्या संग्राहकाला घेरी येईल, पण गेली साठ-सत्तर वर्षं ज्या गाड्या चढतायत त्या अशाच.

याच्या उलट उदाहरण पुण्यातल्या एका मित्राच्या जोंगाचं. जोंगा म्हणजे जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात बनलेली, जपानी ‘निसान पॅट्रोल’ गाडीच्या आराखड्यावरची गाडी, जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दिसायला अशी की रस्त्यावर माणसं थांबून बघतात. आवाजही तसाच. पण लिटरला चार-पाच किलोमीटर, आणि ब्रेकचा एक साधा भाग गेला तर लष्करी भंगाराचे व्यापारी पालथे घालायचे. मित्राची गाडी एकदा राजस्थानात अशी अडकली की तो ट्रेननं परत आला आणि पार्ट मिळाल्यावर पुन्हा ट्रेननं गेला. गाडी सुंदर आहे यात वाद नाही. मी ती फुकट मिळाली तरी घेणार नाही.

आमच्या जीपचंही अडलं, नाही असं नाही. हिमाचलातल्या लाहौलमध्ये, जिस्पाच्या पुढं दारच्याच्या अलीकडे, स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे सरकायला लागली. टायर बघितले, ठीक. मग मी गाडी हळूहळू पुढं नेली आणि नवरा मागनं चालत आला. तो जनावरांचा डॉक्टर आहे. लंगडणारी म्हैस चालवून बघायची सवय त्याला. त्याच्या ते तिथल्या तिथं लक्षात आलं: मागचा ॲक्सल एका बाजूनं मागं सरकलाय, एक चाक मडगार्डच्या पुढच्या कडेपासून लांब गेलंय आणि गाडी तिरकी चालतीये. सेंटर बोल्ट तुटला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटे म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. पाट्यांचा थर ॲक्सलवर बसतो, तो आवळून धरतात ते यू-बोल्ट. सेंटर बोल्टाचं काम फक्त पाटे एकमेकांशी आणि ॲक्सलशी नेमके जागेवर ठेवणं. यू-बोल्ट जरा जरी ढिले झाले तरी सगळी ओढ त्या बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येते आणि तो कापला जातो. पाटे नवीन टाकले की ते बसत जातात, दबतात, आणि यू-बोल्ट आपोआप ढिले पडतात. आमचे पाटे नवेच होते.

रांगत केलाँगला परत आलो. तिथल्या गॅरेजमध्ये विशी-बाविशीतला मंडीचा पोरगा होता. त्यानं चासीखाली जॅक लावला, चाक काढलं, पान्याच्या दांड्यावर हातभर पाईप घातला आणि यू-बोल्टची चारही नटं सोडवली. पाटे पत्त्यांसारखे पसरले. तुटलेला बोल्ट त्यानं माझ्या हातावर ठेवला. तुटल्या जागी अर्धा भाग काळपट आणि अर्धा चकचकीत होता. काळपट भाग म्हणजे चीर जुनी, बरेच दिवस आत-आत जात होती. चकचकीत तेवढा शेवटी राहिला होता, तो त्या दिवशी गेला. मग एका डब्यातनं महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर पिकअपचा सेंटर बोल्ट निघाला. लांबी बरोबर, पण डोकं जाड, ॲक्सलवरच्या भोकात बसेना. पोरानं ते व्हाइसमध्ये धरून कानशीनं चारी बाजूंनी उतरवलं, घालून बघितलं, पुन्हा उतरवलं. भोकं एका रेषेत आणायला एक लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून ठेवला, दोन शिकंजांनी पाटे दाबले, स्क्रूड्रायव्हर काढला की त्याच्या मागोमाग बोल्ट आत. नटं आवळली ती कोपऱ्यावर कोपरा, एकदम नाही. “सौ किलोमीटर के बाद फिर से कस लेना, मैडम,” एवढं सांगून तो पुढच्या पिकअपकडे वळला. पैसे घेतले ते मला लाज वाटावी इतके कमी.

हिमाचलात प्रत्येक गावात महिंद्राची पिकअप आहे, म्हणून ते जमलं. आमच्या जीपचे तिथं सगळीकडे भाऊबंद आहेत. पाटा, बोल्ट, क्रॉस, बेअरिंग, काहीतरी कानशीनं घासून बसतंच. हल्ली म्हणून मी सुट्या भागांची पेटी हलकी ठेवते. पूर्वी निम्मं दुकान सोबत असायचं. आता जे तिथं मिळणार नाही किंवा मिळेपर्यंत गाडी हलणारच नाही तेवढंच: फॅनबेल्ट, पाण्याच्या होजपाईपचा जोड, डिझेल फिल्टर, क्लचची केबल, दोन हीटर, इंजेक्टरच्या पाईपचे वॉशर, ग्रीस गन आणि भरपूर बाइंडिंग वायर. बाकी वाट देते.

उंचीवर काळा धूर निघतो त्यावरून घाबरून विचारणारे बरेच असतात. लडाखमधल्या 5328 मीटरच्या टांगलांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून डिझेल कमी करतो. आमच्या पंपाला त्याची गंधवार्ता नसते, तो कोल्हापुरात जेवढं डिझेल द्यायचा तेवढंच देतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग न जळलेलं काळं होऊन बाहेर. काही जण निघण्याआधी पंपाचा स्क्रू कमी करून घेतात. मला ते पटत नाही, कारण मग खालचा सगळा प्रवास मेल्यासारखा होतो. एअर क्लीनरचं तेल बदलायचं, खालचा गिअर लवकर टाकायचा, इंजिनला घुसमटू द्यायचं नाही, आणि मागच्या दुचाकीवाल्यांना हात दाखवून पुढं काढायचं. त्यांच्या शिव्या वाऱ्यावर जातात.

खरं सांगायचं तर हिमालय जीपला जड जात नाही, दिल्ली जाते. दहा वर्षांपुढची डिझेल आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्रात, चालवायला हरित लवादानं 2015 मध्ये बंदी घातली, ती 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरली. त्यानंतर आदेश पुढं-मागं होत राहिले, पण तीस वर्षांच्या डिझेल जीपनं तिकडं न फिरकलेलंच बरं. आणि एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली नव्हे हे नकाशा उघडल्यावर कळतं. पानिपत आणि कर्नाल त्यात, म्हणजे नेहमीचा हायवे गेला. रोहतक, जिंद, भिवानी त्यात. राजस्थानातले अलवर आणि भरतपूरसुद्धा त्यात! म्हणून आम्ही धुळे, इंदूर, चित्तोडगड, अजमेर करून नागौर-बिकानेरकडे वळतो, श्रीगंगानगरहून अबोहरला पंजाबात शिरतो आणि मोगा-लुधियाना-रोपड करत किरतपूरला हिमाचलचा रस्ता धरतो. लांब पडतं. पण बिकानेरची कचोरी मिळते, आणि पानिपतच्या नाक्यावर गाडी जप्त होईल का या विचारानं झोप उडत नाही.

407 बद्दल थोडक्यात. तो कमावता आहे, कागदाचे गठ्ठे आणि डायऱ्या वाहतो, त्यामुळे त्याचे लाड सगळ्यात कमी आणि तब्येत सगळ्यात चांगली. 1986 मध्ये हे मॉडेल आलं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात त्याचा क्लचप्लेटवाला आहे. लोक विचारतात, याचा कॅम्पर का करत नाही, आत पलंग, बेसिन वगैरे. एक तर कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलायची नाही हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्पष्ट केलंय, आणि आरटीओत त्यावर हुज्जत घालण्याइतकं माझं आयुष्य स्वस्त नाही. दुसरं, मालवाहू गाडी बारा वर्षांपुढची झाली की नॅशनल परमिट मिळत नाही, म्हणजे तो महाराष्ट्राबाहेर जातच नाही. पण महाराष्ट्र काय लहान आहे? भामरागडकडच्या एका आश्रमशाळेला वह्या पोचवायला आम्ही दरवर्षी हाच घेऊन जातो, वाटेत लोणार होतं, येताना ताडोबाच्या कडेनं. केबिनमध्ये तिघं बसतात. रात्री हौद्यात ताडपत्रीखाली, रिकाम्या झालेल्या जागेत गाद्या टाकायच्या. डास सोडले तर तक्रार नाही.

फियाटचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि त्याला काही अंशी आमचाच जिल्हा जबाबदार! आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. त्यातलं बरंचसं इथेनॉल उसाचं, आमच्या शेजारपाजारच्या कारखान्यांतलंही. जुन्या रबराला ते चालत नाही. पाईप आधी फुगतात, मग मऊ होतात, मग आतनं सोलून त्याचा चुरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा (आम्ही त्याला एसी पंप म्हणतो) पडदाही तसाच जातो. आम्ही टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप बदलून इथेनॉलला टिकणारे घातले, पडदाही त्याच जातीचा शोधून आणला. मिश्रण पातळ होतं म्हणून मिस्त्रींनी जेट एक नंबर मोठा केला. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि उभ्या गाडीची पत्र्याची टाकी आतनं गंजते. त्यावर उपाय एकच, गाडी उभी ठेवायची नाही. आता सांगा, व्हीए पाटी लावून शेडमध्ये ठेवलेल्या गाडीचं काय होत असेल?

आंबोलीच्या चढाला मे महिन्यात ती एकदा तरी दम टाकते, तो भाग वेगळा. पेट्रोल पाईपमध्येच उकळतं, पंप नुसती वाफ ओढत बसतो. बॉनेट उघडायचं, एसी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि दहा मिनिटं दरीकडे बघत बसायचं. पंप गार झाला की ती पहिल्या सेल्फला चालू होते. तेवढ्या वेळात किमान तीन गाड्या थांबून मदत विचारतात, त्यातली एक तरी व्यक्ती “आमच्या आजोबांची अशीच होती” म्हणून स्टिअरिंगला हात लावून जाते.

कागदांचं एकदा सांगून टाकते, कारण गाडीपेक्षा तेच जास्त छळतात. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर. एप्रिल 2022 पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती 10,000. फियाट आणि जीप दोन्ही त्यात बसतात. 407 आठ वर्षांपुढचा, म्हणून त्याचं फिटनेस दरवर्षी. हे पैसे मी कुरकुरत भरते, पण भरते. याच्या बदल्यात साधा, सगळ्यांसारखा नंबर राहतो आणि गाडी कुठल्याही मंगळवारी, कुठल्याही कारणाशिवाय रस्त्यावर काढता येते.

सध्याची अडचण रेडिएटरची आहे. बिकानेरकडून जायचं म्हणजे जूनच्या तोंडाला पंचेचाळीस डिग्रीत जीप दिवसभर चालणार, आणि तिचा तांब्याचा रेडिएटर निम्मा चोंदलाय. आतापर्यंत कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक काका तो उघडून, नळ्यांत सळई घालून, पुन्हा डाग देऊन द्यायचे. त्यांनी दुकान बंद केलं. मुलं ॲल्युमिनियमचा नवा बसवा म्हणतात. बसतोही, पण त्याला वाटेत भोक पडलं तर केलाँगचा पोरगासुद्धा काही करू शकणार नाही, आणि तांब्याला मात्र कुठलाही डागवाला चालतो. सातारा ते बेळगाव या पट्ट्यात तांब्याचा रेडिएटर उघडून साफ करणारं कुणी अजून काम करत असेल तर कळवा. एप्रिलच्या आत हवाय.